रस्त्याकडेचा अ‍ॅश वृक्ष

रस्त्याच्या दुतर्फा झाडें लावणें हें राज्यकर्त्याचें एक कर्तव्य होय, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे. मनुष्यांना व पशूंना सांवली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावविल्याचें व आमराया उठविल्याचें सम्राट अशोकानें आपल्या स्तंभलेखांत कोरवून ठेवलें आहे. वडासारखें झाड आपल्या हवेंत लावलें, पहिलीं कांहीं वर्षें गुरांपासून राखलें, कीं पुढें त्याची फारशी चिंता करावी लागत नाहीं. परंतु जेथें हिंवाळ्यांत पारा उणें ४० अंशांपर्यंत उतरतो, रस्त्यांवरचें बर्फ वितळविण्यासाठीं मिठाचा मारा होतो, आणि झाडांवर पानें वर्षांतून जेमतेम ४-५ महिने टिकतात, अशा मुलुखांत रस्त्याकडेला लावावयाचें झाड निवडणें हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊन बसतो. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत, म्हणजे कॅनडांतील मॅनिटोबापासून आल्बर्टापर्यंतच्या प्रांतांत आणि अमेरिकेंतील डकोटा, मिनेसोटा वगैरे संस्थानांत, या प्रश्नाला मिळालेलें एक उत्तर म्हणजे 'हिरवा अ‍ॅश' हा वृक्ष होय. त्याचा काटकपणा कोठून आला, त्याच्या भरंवशावर शहरांनीं काय केलें, आणि एवढा काटक वृक्ष एका बारीकशा भुंगेऱ्यापुढें कसा हतबल झाला, हें समजून घेण्याजोगें आहे. कारण त्यांतील धडा केवळ त्या देशापुरता नाहीं.

'अ‍ॅश' या इंग्रजी नांवाचा राखेशीं कांहीं संबंध नाहीं. जुन्या इंग्रजींत या झाडाला जो शब्द होता, त्याचाच दुसरा अर्थ भाला असा होता. कारण भाल्याचे दांडे याच लांकडाचे करीत. लांकूड बळकट असून लवचिक, म्हणून हत्यारांच्या मुठी, वल्हीं आणि बेसबॉलच्या बॅटी यांसाठीं तें आजवर वापरलें गेलें. उत्तर युरोपच्या पुराणकथांत सर्व विश्वाला धरून राहिलेला जो महावृक्ष सांगितला आहे, तोहि अ‍ॅशच होय. मराठी माणसाला हें नांव परकें वाटलें तरी या झाडाचें कुल परकें नाहीं. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ज्या कुलांतले, त्याच ऑलिव्हच्या कुलांतला हा वृक्ष आहे. हिमालयांत गढवाल-कुमाऊंकडे त्याची एक जात रानांत वाढते. तिला तेथें 'अंगू' म्हणतात. हिरव्या अ‍ॅशचें पान कडुनिंबाप्रमाणें अनेक पर्णिकांचें असतें. मात्र पानांच्या जोड्या फांदीवर समोरासमोर येतात. बी एका लांबट, चपट्या पंखाच्या टोकाशीं बसलेली असते आणि वाऱ्याबरोबर गरगरत दूर जाऊन पडते.

रस्त्याकडेच्या झाडाला काय काय सोसावें लागतें, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. त्याचीं मुळें फरसबंदीखालीं कोंडलेलीं असतात. वाहनांच्या व माणसांच्या भारानें माती दबते, तिच्या कणांमधील पोकळ्या नाहींशा होतात आणि त्या पोकळ्यांतून मुळांना मिळणारी हवा तुटते. मुळांनाहि श्वासोच्छ्वास करावा लागतो; त्यामुळें शहरांतील कित्येक झाडें तहानेनें मरत नाहींत, तर मुळें गुदमरून मरतात. हिरवा अ‍ॅश हा मूळचा नदीकांठचा वृक्ष. वसंतांत बर्फ वितळून नद्यांना पूर आले म्हणजे त्याचीं मुळें आठवडेच्या आठवडे पाण्याखालीं राहतात, आणि पाण्यानें भरलेल्या मातींत हवा जवळजवळ नसतेच. अशा जागीं हजारों वर्षें वाढलेल्या या वृक्षाच्या अंगीं अपुऱ्या हवेवर निभावून नेण्याची शक्ति आली. पुराच्या गाळांत कमावलेला हा गुण पुढें शहराच्या दबलेल्या मातींत त्याच्या उपयोगीं पडला.

दुसरा गुण त्याच्या प्रदेशविस्तारांतून आला. पूर्वेस नोव्हा स्कोशियापासून पश्चिमेस आल्बर्टापर्यंत आणि दक्षिणेस टेक्सास व फ्लोरिडापर्यंत हा वृक्ष आपोआप उगवतो. इतक्या निरनिराळ्या हवामानांत पसरलेल्या जातींत सर्व प्रकारच्या प्रकृतीचीं झाडें सांपडतात; त्यांपैकीं उत्तरेकडील झाडें उणें ४० अंशांची थंडी सोसतात. हाच तो अंश, जेथें सेल्सियस व फॅरनहाइट या दोन्ही मोजण्यांत एकच आंकडा येतो. शिवाय उन्हाळ्यांतले कोरडे वारे, चुन्याच्या अंशाची जमीन, रस्त्यावरचें मीठ, हें सर्व त्याला बरेंचसें मानवतें. रोप उपटून दुसरीकडे लावलें तरी सहसा दगावत नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तें सांवली देऊं लागतें. त्याला पालवी उशिरा फुटते व पानें पिवळीं होऊन लवकर गळतात; ज्या देशांत हिंवाळ्यांतलें ऊन मोलाचें, तेथें घरासमोरच्या झाडाचा हाहि एक गुणच मानला जातो.

एक दोष मात्र होता. या जातींत नर झाडें व मादी झाडें वेगवेगळीं असतात. मादी झाडांवर बियांचे घोस लटकतात, ते गळून गटारें व पन्हळी तुंबतात, आणि पुढच्या वर्षीं भिंतींच्या फटींतून व फुलांच्या वाफ्यांतून जागोजागीं रोपें उगवतात. हा त्रास टाळावा म्हणून रोपवाटिकावाल्यांनीं बी न धरणारीं चांगलीं नर झाडें हेरून त्यांचीं कलमें करण्यास आरंभ केला. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांतून 'मार्शलचा बिनबियांचा' या नांवाचें वाण पुढें आलें. कॅनडांत आल्बर्टा प्रांतांतील व्हेग्रेव्हिल या गांवीं आढळलेल्या एका झाडापासून 'पॅटमोर' हें वाण तयार झालें. मॅनिटोबांतल्या ब्रँडन येथील पॅटमोर रोपवाटिकेचें नांव त्याला मिळालें. सरळ खोड, समतोल लांबट-गोल माथा, तकतकीत गर्द पानें, बियांचा अभाव आणि कडाक्याच्या थंडींतहि शेंडे न जळणें, इतके गुण त्यांत एकत्र आले होते. रस्त्याकडेच्या झाडाकडून नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला याहून अधिक काय हवें असणार? 'पॅटमोर' लोकप्रिय झाला यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं.

परंतु कलम म्हणजे काय, याचा येथें थोडा विचार केला पाहिजे. कोंकणांतल्या बागाइतदाराला तें सांगावयास नको. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असा नेम नाहीं. म्हणून हापूसच्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधतात. अशा रीतीनें झालेलीं लाखों झाडें दिसावयास निरनिराळीं असलीं, तरी वस्तुतः तीं एकाच झाडाच्या फांद्या होत. सर्वांचा गुण एक, तसाच सर्वांचा उणेपणाहि एक. 'पॅटमोर'ची शंभर झाडें एका रस्त्यावर लावलीं, तर तेथें शंभर झाडें नाहींत, एकच झाड शंभर जागीं उभें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. जोंवर संकट ओळखीचें आहे तोंवर हा एकसारखेपणा सोयीचा असतो. संकट अनोळखी आलें, म्हणजे तोच घातक ठरतो.

असें एक संकट त्याच रस्त्यांनीं पूर्वीं पाहिलेलें होतें. अमेरिकेंतील जुन्या शहरांची खरी शोभा म्हणजे एल्मचे वृक्ष. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनीं त्यांच्या फांद्या उंच जाऊन वर एकमेकींना भेटत, आणि देवळाच्या सभामंडपासारखी कमान तयार होई. १९३० सालीं ओहायो संस्थानांत एल्मवर एक बुरशीजन्य रोग आढळला. हॉलंडांतल्या शास्त्रज्ञांनीं त्याचा प्रथम अभ्यास केला म्हणून त्याला 'डच एल्म रोग' म्हणतात. अमेरिकेंत तो युरोपांतून आणलेल्या ओंडक्यांबरोबर आला. सालींत राहणारे बारीक भुंगेरे ही बुरशी झाडाझाडांवर नेत, आणि ओळीनें जवळजवळ लावलेल्या एल्मचीं मुळें जमिनीखालीं एकमेकांस जुळलेलीं असल्यामुळें रोग एका झाडांतून शेजारच्या झाडांत सरळ पाझरत जाई. ज्या रचनेमुळें कमान सुंदर झाली, त्याच रचनेनें तिचा नाश सोपा केला. पुढील कांहीं दशकांत रस्तेच्या रस्ते उघडे पडले. त्या रिकाम्या जागा भरण्यासाठीं जीं झाडें निवडलीं गेलीं, त्यांत अ‍ॅशचा क्रमांक फार वरचा होता. कांहीं शहरांत तर रस्त्याकडेच्या दर ४-५ झाडांमागें एक झाड अ‍ॅश, अशी स्थिति झाली. एका झाडावर सारी भिस्त ठेवल्यानें जो अनर्थ ओढवला, त्याचें निवारण दुसऱ्या झाडावर तशीच भिस्त ठेवून करण्यांत आलें.

२००२ सालच्या उन्हाळ्यांत मिशिगन संस्थानांतील डेट्रॉइट शहराच्या परिसरांत, आणि तसेंच नदीपलीकडे कॅनडांतील विंडसर येथें, अ‍ॅशचीं झाडें वठण्याचें कारण सांपडलें. तें म्हणजे सुमारे अर्धा इंच लांबीचा, पाचूसारख्या चमकदार हिरव्या रंगाचा एक भुंगेरा. त्याचें मूळ स्थान चीन, कोरिया, जपान व रशियाचा अतिपूर्वेकडील भाग. फेअरमेअर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें १८८८ सालीं त्याचें वर्णन करून ठेवलें होतें. पण स्वदेशीं तो विशेष उपद्रवी नसल्यामुळें त्याच्याविषयीं जगाला फारशी माहिती नव्हती. जहाजांतून येणाऱ्या मालाच्या लांकडी खोक्यांतून तो अमेरिकेंत उतरला असावा, असें मानलें जातें. मेलेल्या झाडांचीं वार्षिक वलयें तपासल्यावर दिसून आलें कीं, १९९७ च्या सुमारासच तो झाडें मारूं लागला होता. अर्थात् त्याचें आगमन त्याच्याहि कांहीं वर्षें आधींचें. तो सांपडला तेव्हां त्याचा पाय चांगलाच रोवला गेला होता.

त्याची कार्यपद्धति अशी. मादी खोडाच्या सालीवरील भेगांत अंडीं घालते. दोनएक आठवड्यांत अंड्यांतून अळी निघते व साल पोंखरून आंत शिरते. सालीच्या अगदीं आंतल्या बाजूस एक पातळ थर असतो. पानांनीं तयार केलेलें अन्न याच थरांतून मुळांकडे उतरतें. अळी नेमका हा थर खात, नागमोडी वाटा कोरीत पुढें जाते. एका अळीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु शेंकडों अळ्यांच्या वाटा एकमेकींना मिळाल्या म्हणजे खोडाभोंवतीं कडें पूर्ण होतें आणि मुळांचें अन्न तुटतें. पुढील ऋतूंत पूर्ण वाढ झालेला भुंगेरा इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचें लहानसें भोंक पाडून बाहेर पडतो. उपद्रवाला सुरुवात बहुधा झाडाच्या वरच्या फांद्यांपासून होते. त्यामुळें खालून पाहणाऱ्याला दोन-तीन वर्षें कांहीं कळत नाहीं. शेंडा विरळ दिसूं लागतो, सुतारपक्षी साल सोलूं लागतात, खोडाच्या बुडाशीं नवे धुमारे फुटतात, आणि एवढें होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. उपद्रव वाढलेल्या भागांत झाड ३ ते ५ वर्षांत मरतें.

येथें साहजिकच प्रश्न उद्भवतो: चीनमधील अ‍ॅश याच भुंगेऱ्याच्या सहवासांत कसे टिकले? त्याचें उत्तर असें कीं, त्या दोघांचा सामना लाखों वर्षें चाललेला आहे. आशियांतील जातींच्या सालींत अळीला न मानवणारीं द्रव्यें असतात. तेथें भुंगेरा दुबळ्या व आजारी झाडांवर उपजीविका करतो, निकोप झाडापुढें त्याचें फारसें चालत नाहीं. अमेरिकेंतील अ‍ॅशची या शत्रूशीं कधीं गांठच पडली नव्हती. थंडी, पूर, दुष्काळ यांच्याशीं झुंजून त्यानें जो काटकपणा मिळविला, तो या कामीं निरुपयोगी होता. तात्पर्य, काटकपणा हा एकच एक गुण नसून ज्या ज्या संकटाशीं सामना झाला त्या त्या संकटापुरता मिळविलेला तो गुण असतो. मॅनिटोबांतील मॉर्डन येथील संशोधनकेंद्रानें मांचूरियांतील अ‍ॅशपासून 'मँकाना' नांवाचें वाण निवडलें होतें. मिशिगनमधील प्रयोगांत तें अमेरिकन वाणांच्या मानानें पुष्कळच टिकलें; परंतु मांचूरियन अ‍ॅश व अमेरिकन काळा अ‍ॅश यांच्या संकरापासून झालेलें एक वाण मात्र सहज बळी पडलें. पित्याचा सर्वच वारसा पुत्राला मिळतो असें नाहीं, हें वनस्पतींतहि खरें आहे.

भुंगेरा स्वतःच्या पंखांवर फार दूर जात नाहीं. त्याला दूर नेलें तें माणसांनीं, सहलीला जातांना मोटारींत टाकलेल्या जळणाच्या लांकडांबरोबर व रोपवाटिकांतील रोपांबरोबर. २०१३ सालीं तो रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं कोलोरॅडोंत पोंचला आणि २०२२ सालीं पॅसिफिक किनाऱ्याकडील ओरेगॉनमध्यें. आज ३५ हून अधिक संस्थानांत त्याचा वास आहे, आणि त्यानें मारलेल्या झाडांची गणना कोटींत करावी लागते. लांकडाच्या वाहतुकीवर घातलेले निर्बंध अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें जानेवारी २०२१ मध्यें उठविले. ते राखून कांहीं निष्पन्न होत नव्हतें. उणें ३० अंशांच्या खालीं पुष्कळशा अळ्या थंडीनें मरूं लागतात, म्हणून उत्तरेकडील गवताळ प्रदेश सुरक्षित राहील अशी कांहींशी आशा होती. परंतु डिसेंबर २०१७ मध्यें खुद्द विनिपेगमध्यें तो आढळला. सालीखालची ऊब अळीला बाहेरच्या हवेपेक्षां बरीच अनुकूल असते.

या हानीची मोजदाद केवळ लांकडांत होत नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, १० वर्षांत सुमारे १ कोटी ७० लाख झाडांवर उपचार करणें, तीं तोडणें किंवा बदलणें यांसाठीं १० अब्ज ७० कोटी डॉलर खर्च येईल, असा अंदाज काढलेला होता. मेलेला अ‍ॅश लवकर ठिसूळ होतो. त्यावर चढून फांद्या उतरविणें कामगारांना धोक्याचें असतें, म्हणून खर्च आणखी वाढतो. २०१३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत १५ संस्थानांतील १९९० ते २००७ पर्यंतचे मृत्यूंचे आंकडे तपासण्यांत आले. ज्या भागांत भुंगेरा पोंचला, तेथें श्वसनाच्या विकारांनीं सुमारे ६ हजार व हृदयविकारानें सुमारे १५ हजार मृत्यु अपेक्षेपेक्षां अधिक झाले, असें त्यांत दिसून आलें. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालें असें नव्हे. तरी रस्त्यावरील सांवली ही निव्वळ शोभेची बाब नाहीं, असा संशय घेण्यास तो पुरेसा आहे. काळ्या अ‍ॅशच्या ओंडक्याला ठोकून त्याचीं वलयें पट्ट्यांच्या रूपानें सुटीं करणें व त्यांच्या टोपल्या विणणें, ही तेथील कित्येक आदिवासी जमातींची पिढीजात कला आहे. झाडाबरोबर तीहि धोक्यांत आली.

उपाय अगदींच नाहींत असें नाहीं. खोडाच्या बुडाशीं बारीक छिद्रें पाडून आंत कीटकनाशक भरतां येतें. तें रसाबरोबर वर चढतें आणि दोन-तीन वर्षें झाडाचें रक्षण करतें. मात्र माथ्याचा फार मोठा भाग वठण्यापूर्वींच उपचार सुरू व्हावा लागतो व पुढें तो नेमानें चालू ठेवावा लागतो. म्हणून शहरें जुनीं, मोठीं व निकोप झाडें तेवढीं निवडून वांचवितात आणि बाकीचीं क्रमाक्रमानें बदलतात. २००७ पासून चीनमधील कांहीं सूक्ष्म गांधीलमाशा सोडण्यांत येत आहेत. त्या भुंगेऱ्याच्या अंड्यांत व अळ्यांत आपलीं अंडीं घालतात. त्यांनीं भुंगेरा नाहींसा होणार नाहीं. परंतु नव्यानें उगवणाऱ्या कोंवळ्या झाडांना थोडी उसंत मिळते. तिसरा मार्ग दीर्घकाळाचा. जेथें सर्व झाडें मेलीं तेथेंहि क्वचित् एखादें झाड जिवंत उभें राहतें. अशा झाडांच्या काड्या गोळा करून ओहायोंतील सरकारी वनसंशोधक त्यांचा आपसांत संकर करीत आहेत. बियांपासून वाढलेल्या रानांत अशीं अपवादभूत झाडें सांपडतात. एकाच कलमाच्या रांगेंत तीं सांपडणें शक्य नाहीं.

हाच विचार नगररचनेला लागू करण्याचा एक नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांतील शास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनीं १९९० सालीं, म्हणजे भुंगेऱ्याचा शोध लागण्यापूर्वीं १२ वर्षें, मांडलेला होता. शहरांतील एकूण झाडांत कोणतीहि एक जात शेंकडा १० हून, एक प्रजाति शेंकडा २० हून आणि एक कुल शेंकडा ३० हून अधिक नसावें, असा तो नियम. त्याच्या मर्यादाहि उघड आहेत. शहराच्या हिशेबांत प्रमाण बरोबर असलें तरी एक संपूर्ण आळी एकाच झाडाची असूं शकते, आणि तेथील रहिवाशांच्या दृष्टीनें आळी उघडी पडली म्हणजे सर्वच गेलें. म्हणून हिशेब रस्त्यागणिक ठेवणें अधिक शहाणपणाचें. यावर आक्षेप येतो तो सौंदर्याचा: एकाच उंचीचीं, एकाच घडणीचीं झाडें ओळीनें उभीं असल्याखेरीज रस्त्याला ऐट येत नाहीं. आक्षेप खरा आहे, परंतु त्याचें समाधान करतां येतें. डोळ्याला जो सारखेपणा हवा असतो तो उंचीचा, घेराचा व अंतराचा; जातीचा नव्हे. लिंडेन, हॅकबेरी, बर ओक आणि रोगाला दाद न देणारे नवे एल्म हीं झाडें विचारपूर्वक मिसळून लावलीं, तर कमानहि साधते व एका शत्रूच्या हातीं सारा रस्ता जात नाहीं. अ‍ॅशच्या जागीं आज अशीच मिश्र लागवड होऊं लागली आहे.

ही कहाणी अमेरिकेंतली. तथापि मुंबईकराला ती अगदींच अनोळखी वाटूं नये. दक्षिण अमेरिकेंतून आलेला पर्जन्यवृक्ष भराभर वाढतो व प्रशस्त सांवली देतो, म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर तो एकेकाळीं फार लावला गेला. २०१० नंतरच्या दशकांत त्यावर पिठ्या ढेकणाचा उपद्रव झाला आणि पुष्कळ जुनीं झाडें वठलीं. घरासमोरच्या रस्त्यावर झाडें लावण्याची वेळ आली म्हणजे कोणतें झाड सर्वांत काटक, असा प्रश्न साहजिकपणें विचारला जातो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची संवय लागली पाहिजे: या रस्त्यावर आधीं कोणतीं झाडें उभीं आहेत, आणि त्यांच्यांत नाहीं असें कोणतें झाड येथें लावतां येईल? शेजारीं कडुनिंब असेल तर करंज, करंज असेल तर बकुळ, बकुळ असेल तर ताम्हण, अशी निवड करण्यास निराळा खर्च लागत नाहीं. लावणाऱ्याच्या हयातींत या निवडीचा लाभ दिसेलच असें नाहीं. परंतु एखाद्या वर्षीं अनोळखी कीड येईल तेव्हां त्या आळींत कांहीं झाडें गेलीं तरी कांहीं उभीं राहतील, आणि त्यांच्या सांवलींतून माणसें चालत राहतील.